तोहोकूची हिवाळी सहल : उत्सव रात्रीचा आणि स्नानही रात्रीचेच

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाचा उत्तरेकडील भाग म्हणजे तोहोकू. आओमोरी, अकिता, इवाते, मियागी, यामागाता आणि फुकुशिमा हे सहा प्रांत त्यात मोडतात. नाशिकमधील एका सहल कंपनीने फेब्रुवारीतले तेथील हिमोत्सव आणि उष्ण झऱ्यांची गावे एकत्र गुंफून जी सहल आखली आहे, तिच्यात मी आणि माझे पती यंदा सहभागी झालो होतो. टोकियो, क्योतो, ओसाका आणि फुजी पर्वत या ठरावीक चौकडीबाहेरचा जपान दाखवणारी सहल आपल्या शहरातून निघते ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र माणशी चार लाखांच्या पुढे जाणारे शुल्क पाहता तिचे बारकाईने परीक्षण होणेही आवश्यक आहे. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण अशा धर्तीची सहल कोणीही काढली, तरी पुढील निरीक्षणे तिला लागू पडावीत अशीच आहेत.

मुख्य आक्षेप आधी मांडते. तोहोकूचे हिवाळी उत्सव अंधार पडल्यावर रंगतात आणि साधारण सहा ते नऊ या वेळेत आटोपतात. दुसरीकडे, ओन्सेन म्हणजे उष्ण झऱ्याच्या गावातील रियोकान नावाच्या पारंपरिक निवासगृहात रात्रीचे जेवण सहा-साडेसहाला मांडले जाते. ते निवासाच्या दरातच धरलेले असते, एकामागून एक येणारे अनेक छोटे पदार्थ त्या वेळेसाठीच शिजवलेले असतात, आणि दोन तास उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी ते पुन्हा गरम करून वाढण्याची तेथे पद्धत नाही. याचा सरळ अर्थ असा, की एका रात्रीत एक तर उत्सव नीट पाहता येतो, नाही तर रियोकानचा पाहुणचार नीट घेता येतो. कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्याला उत्सवांच्या तारखा तोंडपाठ होत्या, यात शंका नाही. पण संध्याकाळचे हे गणित त्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही, आणि सहलीतील बहुतेक उणिवांचे मूळ तेथेच आहे.

योकोते येथील कामाकुरा उत्सवात हे सर्वप्रथम जाणवले. अकिता प्रांतातील या गावात फेब्रुवारीच्या मध्यास माणसापेक्षा उंच अशा बर्फाच्या गोल झोपड्या उभारतात, आतल्या भिंतीत कोनाडा कोरून जलदेवतेची स्थापना करतात, आणि भरपूर पाणी मिळावे, पीक चांगले यावे, घरादाराचे क्षेमकुशल असावे अशी प्रार्थना करतात. ही परंपरा सुमारे साडेचारशे वर्षांची मानली जाते. झोपडीत जाड कपड्यांत गुंडाळलेली मुले निखाऱ्यांची शेगडी पेटवून बसलेली असतात. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला स्थानिक बोलीत आत बोलावतात, देवतेला नमस्कार करायला सांगतात आणि आमाझाके हे तांदळापासून केलेले गोडसर गरम पेय व भाजलेली मोची, म्हणजे चिकट तांदळाची वडी, पुढे करतात. पाहुण्याने देवतेपुढे काही नाणी ठेवावीत, एवढीच अपेक्षा असते. या उत्सवात मिरवणूक नाही, आतषबाजी नाही, व्यासपीठ नाही. एका झोपडीत बसणे, मुलांशी खाणाखुणांनी बोलणे आणि मग पुढच्या झोपडीत जाणे, एवढाच त्याचा विस्तार आहे. नदीकाठच्या मैदानावर हात-दीड हात उंचीच्या असंख्य छोट्या बर्फकोनाड्यांत दिवे लावलेले असतात, तेथे तर केवळ रेंगाळायचे असते. अशा ठिकाणी आम्हाला जेमतेम एक तास देण्यात आला, कारण मुक्कामाच्या निवासगृहात जेवणासाठी आमची वाट पाहत होते. परिणामी जेवणही घाईत झाले आणि स्नानाला तर त्या रात्री कोणालाच त्राण उरले नव्हते.

ओगा द्वीपकल्पावरील नामाहागे सेदो उत्सवाचे नियोजन याउलट उत्तम होते, आणि त्याचे कारण असे, की त्या रात्री मुक्काम अकिता शहरातील साध्या हॉटेलात होता. नामाहागे म्हणजे भयंकर मुखवटे आणि गवताच्या पेंढ्यांचा पोशाख घालून डोंगरावरून उतरणारे देवदूत. मूळ विधी ३१ डिसेंबरच्या रात्रीचा आहे. गावातील पुरुष हे रूप घेऊन घरोघर शिरतात, रडकी मुले आणि आळशी माणसे कोठे आहेत असे दरडावून विचारतात, आणि यजमान त्यांना मद्य व जेवण देऊन शांत करतो. २०१८ मध्ये युनेस्कोने जपानमधील अशा आगंतुक देवतांच्या विधींचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, त्यांत ओगाचे नामाहागे आहेत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत शिन्झान देवस्थानात होणारा उत्सव हे त्या विधीचे पाहुण्यांना पाहता येईल असे रूप आहे. देवळाच्या आवारात मोठी होळी पेटलेली असते आणि अंधाऱ्या, बर्फाच्छादित झाडीतून मशाली घेतलेल्या आकृत्या खाली उतरतात. त्यांच्या पोशाखातून गळून पडलेली गवताची काडी शुभ मानतात. मात्र ती ओढून घ्यायची नसते, आपसूक पडलेलीच उचलायची असते. आमचा टूर मॅनेजर हा बारकावा आधीच सांगून मोकळा झाला होता, तरी आमच्यापैकी दोघा-तिघांचे हात शिवशिवलेच.

गिन्झान ओन्सेनविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवे. यामागाता प्रांतातील हे गाव एके काळच्या चांदीच्या खाणीभोवती वसले. अरुंद नदीच्या दोन्ही काठांवर गेल्या शतकाच्या पूर्वार्धातील तीन-चार मजली लाकडी निवासगृहे उभी आहेत आणि संध्याकाळी गॅसचे दिवे लागतात. कंपनीच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छायाचित्र होते ते नेमके याच दिव्यांचे. प्रत्यक्षात आम्ही तेथे दुपारी पोहोचलो आणि दिवे लागण्याआधी बसमध्ये बसलो. यात गावाचा दोष नाही. पर्यटकांच्या लोंढ्याने रस्ते अडू लागल्यामुळे २०२४-२५ च्या हिवाळ्यापासून तेथे मुक्कामी नसलेल्यांच्या संध्याकाळच्या प्रवेशावर निर्बंध आले आहेत, आणि निवासगृहांतील खोल्या मोजक्याच असल्याने मोठ्या गटाला तेथे मुक्काम मिळणे जवळपास अशक्य असते. हे सर्व कंपनीला ठाऊक असणार. मग रात्रीचे छायाचित्र छापून दिवसाची भेट विकणे उचित नव्हे. दुपारच्या उजेडात गिन्झान देखणे दिसते, गल्लीच्या टोकाचा धबधबाही पाहण्याजोगा आहे. परंतु ज्या दृश्यासाठी लोकांनी नावे नोंदवली, ते दृश्य सहलीत नव्हतेच.

सहलीचा खरा कस न्यूतो ओन्सेनमध्ये लागला आणि तेथे ती पूर्ण गुणांनी उतरली. अकिता प्रांतात, जपानमधील सर्वांत खोल म्हणजे ४२३ मीटर खोलीच्या ताझावा सरोवरापासून वर डोंगरात सात निवासगृहांचा हा समूह आहे, आणि प्रत्येकाचा झरा वेगळा, पाण्याचा रंग वेगळा, वासही वेगळा. त्यांतील त्सुरुनोयु हे सर्वांत जुने. अकिताचे सरदार सतराव्या शतकात येथे स्नानाला येत असत आणि त्यांच्या सेवकवर्गासाठी बांधलेली गवती छपराची लांबलचक इमारत आजही वापरात आहे. गटासाठी तेथे जागा मिळणे कठीण असल्याने आमचा मुक्काम समूहातील दुसऱ्या, मोठ्या निवासगृहात होता. पण सातांपैकी कोठेही राहणाऱ्या पाहुण्याला एक स्नान-पुस्तिका विकत घेता येते आणि तिच्या आधारे इतर झऱ्यांवर जाता येते. यांपैकी कुरोयु हिवाळ्यात बंद असते, हे मात्र जाण्यापूर्वी सांगायला हवे होते. त्या दिवशी कोणताही उत्सव नव्हता, दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वेळ आमचा होता, आणि म्हणूनच सहलीतला सर्वांत समाधानाचा मुक्काम तो ठरला. दुधाळ, किंचित निळसर पाण्यात गळ्यापर्यंत बसावे, डोक्यावर भुरभुर बर्फ पडत राहावे आणि गरमी असह्य झाली की काठावरच्या दगडावर क्षणभर टेकावे, याहून अधिक तेथे काही करायचे नसते.

एवढे पाणी आणि एवढे बर्फ एकाच डोंगरात का, याचे उत्तर आमच्या टूर मॅनेजरने बसमध्ये सोप्या शब्दांत दिले. पॅसिफिक महासागराखालचे भूकवच तोहोकूच्या खाली सरकत जाते, त्यामुळे विभागाच्या मधोमध ज्वालामुखींची रांग उभी राहिली आहे आणि जमिनीत मुरलेले पाणी तिच्या उष्णतेने तापून वर येते. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात, आणि याच डोंगररांगेला अडून पश्चिमेकडे बर्फाचा प्रचंड वर्षाव करतात. जपानच्या १९४८ च्या ओन्सेन कायद्यानुसार उगमाशी २५ अंश सेल्सिअस वा अधिक तापमान असलेले, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी किमान एक पुरेशा प्रमाणात असलेले पाणी ओन्सेन म्हणवून घेऊ शकते. तेव्हा नाव ओन्सेन असले तरी पाणी कढतच असेल असे नाही. न्यूतोच्या उत्तरेकडील तामागावा येथे मात्र ९८ अंशांचे पाणी एकाच मुखातून मिनिटाला सुमारे ९,००० लिटर उसळते आणि त्याची आम्लता इतकी तीव्र आहे, की सामू (पीएच) १.२ भरतो. ते आमच्या सहलीत नव्हते आणि भर हिवाळ्यात नसलेलेच बरे.

स्नानाच्या रीतीविषयी कंपनीने गंगापूर रोडवरील पूर्वबैठकीत जी माहिती दिली ती अपुरी होती, असे माझे मत आहे. ओन्सेनमध्ये कपडे, अगदी पोहण्याचा पोशाखही, घालून उतरता येत नाही. स्त्रिया आणि पुरुष यांची कुंडे बहुतेक ठिकाणी स्वतंत्र असतात, पण आपल्याच वयाच्या, आपल्याच गटातल्या बायकांसमोर विवस्त्र होणे आमच्यापैकी अनेकींना जड गेले. हे मोघम शब्दांत उरकण्यापेक्षा नीट समजावून सांगितले असते, तर दोघी-तिघी पहिल्या संध्याकाळी खोलीतच बसून राहिल्या नसत्या. आपल्याकडे रंगपंचमीला पेशवेकालीन राहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात तेव्हा काठावरून धप्पा मारून रंगीत पाणी उडवण्यातच मौज असते. ओन्सेनचा शिष्टाचार याच्या नेमका उलट आहे. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, साबणाचा अंशही राहू द्यायचा नाही, केस वर बांधायचे, छोटा पंचा पाण्यात न बुडवता डोक्यावर ठेवायचा आणि आवाज न करता हळूच उतरायचे. गोंदण असलेल्यांना काही ठिकाणी प्रवेश नाकारतात. गटातील एका आजींच्या हातावरच्या जुन्या गोंदणाविषयी टूर मॅनेजरने निवासगृहाला आधीच विचारून ठेवले होते आणि कोणी हरकत घेतली नाही. ही तत्परता उल्लेखनीय वाटली.

आपल्याकडच्या स्त्रियांसाठी आणखी एक सूचना, जी माहितीपत्रकात नव्हती. गंधकयुक्त पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी हे सर्व खोलीतच काढून ठेवावे; मंगळसूत्र काढायची मनाची तयारी नसेल, तर निदान त्यात चांदी वा हिणकस धातूचे मणी नाहीत याची घरीच खात्री करून घ्यावी. टूर मॅनेजर तरुण असल्याने संकोचला असावा, पण न्यूतोला त्याने दारातच थांबवून सांगितले, “काकू, पायातली जोडवी काढून ठेवा, नाही तर उद्या काळी दिसतील.” ज्यांनी ऐकले नाही त्यांची जोडवी सकाळपर्यंत काळवंडली होती.

आओमोरी प्रांतातील सुकायू हे हाक्कोदा पर्वतातील ठिकाण न्यूतोपेक्षा अगदी निराळे. हिबा नावाच्या सुगंधी लाकडाने बांधलेले, सुमारे १६० तातामी चटयांएवढे भव्य स्नानगृह आणि त्यात स्त्री-पुरुषांसाठी सामाईक कुंडे, अशी तेथील जुनी रचना आहे. स्त्रियांसाठी सकाळी आणि रात्री आठ ते नऊ हा तास राखीव असतो, शिवाय छोटी स्वतंत्र स्नानगृहेही आहेत. आम्हाला तेथे दुपारी नेण्यात आले, त्यामुळे राखीव तासाचा उपयोग झाला नाही आणि बहुतेक स्त्रियांनी छोट्या स्नानगृहावर समाधान मानले. भव्य दालन फक्त पुरुषांनी पाहिले. पाणी बरेच आम्लधर्मी असल्याने डोळ्यांत गेले तर झोंबते आणि ओरखड्यांना चुरचुरते. १९५४ मध्ये सरकारने आरोग्यदायी ओन्सेन म्हणून ज्या स्थळांना सर्वप्रथम मान्यता दिली त्यांत सुकायू आहे, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत येथे बर्फाची खोली ५६६ सेंटिमीटर नोंदली गेली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भिंती पाहिल्यावर त्या आकड्याविषयी शंका उरत नाही. आओमोरी शहरातील नेबुता संग्रहालयही त्याच दिवशी दाखवले. उन्हाळी उत्सवातील कागदी रथदीप तेथे वर्षभर पाहता येतात आणि तेवढा दीड तास सत्कारणी लागतो.

झाओ पर्वतावरील हिमवृक्ष, म्हणजे बर्फाने पूर्ण मढलेली झाडे, आम्हाला दिसले नाहीत. वाऱ्यामुळे रोपवे बंद होता. हवामानावर कोणाचा इलाज नाही आणि कंपनीने तिकिटाची रक्कम विनातक्रार परत केली.

जेवणाची व्यवस्था अपेक्षेपेक्षा बरीच चांगली होती. जपानमध्ये शाकाहार सांगितला की मांस वगळले जाते, पण भाज्या, सूप आणि आमटीसदृश मिसो यांत सुकवलेल्या माशाचे पाणी राहतेच. म्हणून कंपनीने प्रत्येक शाकाहारी प्रवाशाला जपानी भाषेत छापलेले, मासा आणि माशाचे पाणीही चालत नाही असे स्पष्ट सांगणारे कार्ड दिले होते आणि निवासगृहांनाही आधी कळवले होते. न्यूतोला रानभाज्या, तळलेल्या भाज्या मिठासोबत, टोफू आणि धुरावर सुकवून मुरवलेले मुळ्याचे लोणचे असे ताट आले. या इबुरिगाक्कोची चव सर्वांनाच रुचली असे नाही, परंतु अकिताचा प्रसिद्ध अकिताकोमाची तांदूळ, त्यावर घरून नेलेले मेतकूट आणि तूप, ही न्याहारी मला व्यक्तिशः सहलीतील सर्वोत्तम वाटली. मियागी प्रांतातील सेन्दाई शहरात हिरव्या सोयाबीनचे गोड वाटण लावलेली झुन्दा मोची शाकाहारी मंडळींनी निःशंक खावी. आमाझाके घेताना मात्र ते तांदळाच्या किण्वापासूनचे आहे की मद्याच्या गाळापासूनचे, एवढे विचारावे. दुसऱ्या प्रकारात थोडे मद्य असू शकते.

ज्येष्ठांच्या प्रकृतीच्या बाबतीत कंपनीने अधिक दक्ष असायला हवे. स्नानाचे पाणी साधारण ४२ अंशांचे आणि कपडे बदलण्याची जागा थंडगार, अशा स्थितीत रक्तदाब झपाट्याने बदलतो. प्रथम पाच-सात मिनिटेच बसावे, जेवणानंतर लगेच किंवा मद्य घेतल्यावर उतरू नये, आधी आणि नंतर पाणी प्यावे, आणि रक्तदाब वा हृदयविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढे तरी लेखी द्यायला हरकत नव्हती. बर्फावर चालताना बुटांना अडकवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या मात्र सर्वांना मोफत मिळाल्या आणि कोणी घसरून पडले नाही, हे श्रेय कंपनीचेच.

आता ही सहल कोणी घ्यावी. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना फेब्रुवारीत घर सोडणे शक्य नसते, कारण तो ऐन काढणीचा काळ. आमच्या गटात त्यांच्यापैकी एकही कुटुंब नव्हते. कंपनी याच विभागाची ऑगस्टची सहलही काढते, आणि ऑक्टोबर छाटणीपूर्वीचा तो काळ बागायतदारांना सोयीचा आहे. ऑगस्टच्या उत्सवांच्या तारखा ठरलेल्या असतात: आओमोरीचा नेबुता २ ते ७, अकिताचा कान्तो ३ ते ६, यामागाताचा हानागासा ५ ते ७ आणि सेन्दाईचा तानाबाता ६ ते ८. हॉटेले त्या आठवड्यात दुर्मीळ आणि महाग असतात, उकाडाही असतो, आणि बर्फात बसून स्नान करण्याचे सुख नसते. तरीही संध्याकाळचा तो पेच ऑगस्टमध्ये सोडवता येतो. कान्तोमध्ये ४६ कंदील लावलेली सुमारे १२ मीटर उंचीची आणि ५० किलो वजनाची बांबूकाठी तळहातावर, कपाळावर, खांद्यावर आणि कमरेवर तोलतात, आणि रात्रीच्या मिरवणुकीखेरीज त्याच कौशल्याची स्पर्धा दिवसाही भरते. तानाबाताच्या कागदी सजावटी दिवसभर टांगलेल्या असतात. नेबुताची ७ तारखेची मिरवणूक दुपारी निघते. म्हणजे दिवसा उत्सव पाहून संध्याकाळच्या जेवणाला रियोकानमध्ये पोहोचायचे आणि एखाद-दुसरी रात्र रोषणाईसाठी राखून त्या दिवशी शहरातील साध्या हॉटेलात उतरायचे, अशी आखणी सहज शक्य आहे. कंपनीच्या सध्याच्या ऑगस्ट पत्रिकेत मात्र हे तिन्ही उत्सव रात्रीचे आणि त्याच रात्री ओन्सेनचा मुक्कामही, असे छापलेले आहे. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी प्रत्येक मुक्कामी जेवणाची वेळ काय आणि उत्सवस्थळाहून तेथे पोहोचायला किती वेळ लागेल, हे कंपनीकडून लेखी मागून घ्यावे.